सडा, खाडी आणि पॅकेट: हॅम सेटला कॉम्प्युटर जोडताना

पॅकेट रेडिओ म्हणजे हॅम, अर्थात हौशी रेडिओच्या, सेटवरून कॉम्प्युटरचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवणं. त्यात संदेश अर्धामुर्धा पोचत नाही. बोलताना खरखरीतून ‘…वगडहून बोलतोय’ एवढंच कानावर पडलं तरी आपण देवगड समजून घेतो. पॅकेटच्या प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे तुकड्याच्या, शेवटी मात्र १६ बिटांचा एक तपासणीचा आकडा असतो. फ्रेममधलं एक बिट चुकलं तरी तो जुळत नाही आणि समोरचं स्टेशन अख्खी फ्रेम टाकून देतं. म्हणूनच स्पीकरवर अगदी स्वच्छ ऐकू येणारा सिग्नल स्क्रीनवर काहीच उमटवत नाही आणि नवीन माणूस सॉफ्टवेअर पुसून पुन्हा पुन्हा टाकत बसतो. दोष तिथे क्वचितच असतो. तो असतो आवाजाच्या पातळीत, पीटीटीच्या (सेटला प्रसारणात टाकणाऱ्या कळीच्या) वेळेत, खारट हवेने खाल्लेल्या कनेक्टरमध्ये, नाहीतर दोन गावांच्या मधल्या डोंगरात. या लेखात जास्त जागा या चौघांनाच दिली आहे.

आधी परवाना. प्रसारण करायचं तर एएसओसी ही हौशी रेडिओची परीक्षा देऊन दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हौशी परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, हवं. अर्ज सरलसंचार पोर्टलवरून होतो. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. आपल्या श्रेणीत डेटाचे कोणते प्रसारण-प्रकार आणि किती वॅट चालतात, ते परवान्यात पाहून मगच प्रसारण करा. हौशी बँडवर मजकूर उघड भाषेत जायला हवा. कूट करून काही पाठवायचं नाही आणि कुणाच्या धंद्याचा निरोपही नाही. हे नेटवर्क पुढे इंटरनेटला जोडायचा विचार असेल, तर परवान्याच्या अटी पुन्हा एकदा बारकाईने वाचा.

दोन मीटरचा बँड आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. त्यातली फ्रिक्वेन्सी आसपासच्या हॅममंडळींशी बोलून ठरवा आणि आवाजाच्या रिपीटरपासून, म्हणजे बोलणं पुन्हा प्रसारित करणाऱ्या स्टेशनापासून, लांब ठेवा. पॅकेटचा आवाज बोलणाऱ्याला फार छळतो.

जोडणी

सुरुवात १२०० बॉडने, म्हणजे सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने, करा. यात कॉम्प्युटर बिटांचे दोन सूर करतो, १२०० आणि २२०० हर्ट्झ, आणि सेट ते साध्या एफएमवर बोलण्यासारखेच पाठवतो. ९६०० बॉडला सेटच्या आतून थेट सिग्नल घ्यावा लागतो आणि चुकीला जागा फार कमी उरते. १२०० वर घडी बसल्याशिवाय तिकडे वळू नका.

लागणारं सामान थोडंच आहे. मागे सहा पिनांचा मिनी-डिन डेटा जॅक असलेला व्हीएचएफ मोबाइल सेट, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर किंवा जुना लॅपटॉप, आणि सीएम १०८ किंवा सीएम ११९ चिपचं यूएसबी साउंडकार्ड. डिजिरिगसारखा तयार इंटरफेस घेतलात तर सोल्डरिंग वाचतं. पूर्वी यासाठी टीएनसी नावाचा वेगळा डबा लागायचा. आता ते काम डायरवुल्फसारखं सॉफ्टवेअर करतं.

मिनी-डिनची नेहमीची मांडणी अशी: पिन १ डेटा आत, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ४ वर ९६०० चा आणि ५ वर १२०० चा आवाज बाहेर, ६ स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद करणारी सोय). तरी आपल्या सेटच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. सॉकेटकडे पाहून मोजलेले नंबर प्लगच्या सोल्डरच्या बाजूने तसेच राहतात, पण पिनांच्या तोंडाकडून पाहिलं की आरशातल्यासारखे उलटतात. केबल चुकण्याचं हे पहिलं कारण आहे, त्यामुळे प्लगचं तोंड बंद करण्याआधी प्रत्येक पिन मल्टिमीटरने वाजवून बघा.

साउंडकार्डमधून व्होल्टच्या घरातला आवाज निघतो आणि पिन १ ला १२०० बॉडसाठी लागतात साधारण ४० मिलिव्होल्ट. थेट जोडलंत तर सेटचा आत येणारा टप्पा तुडुंब भरतो आणि दोन्ही सूर फाटतात. उपाय दोन रेझिस्टरांचा आहे: कार्डाकडून १० किलोओहम ओळीत आणि त्यानंतर ४७० ओहम ग्राउंडला. १ व्होल्टचे ४५ मिलिव्होल्ट होतात आणि सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूमचा पट्टा मधोमध वापरता येतो. पट्टा तळाशी, दोन-तीन टक्क्यांवर ठेवून काम भागवलं तर जरासा धक्का लागला की सगळी पातळी बदलते.

पीटीटीला २एन२२२२ ट्रान्झिस्टर पुरतो. चिपच्या १३ नंबरच्या पायावरून, म्हणजे जीपीआयओ ३ वरून, १ किलोओहममधून बेस, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर सेटच्या पिन ३ ला. हा पाय तांदळाच्या कणीएवढा असतो. बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री आणि भिंग नसेल तर यूएसबी-सीरियल अडॉप्टरच्या आरटीएस तारेवरून तीच जोडणी करा. फक्त कॉम्प्युटर सुरू होताना आरटीएस क्षणभर वर जाऊन सेट दाबू शकतो. म्हणून आधी कॉम्प्युटर, मग सेट असा क्रम ठेवा आणि सेटमधला टाइम-आउट १ मिनिटावर बांधून टाका.

हँडीवर, म्हणजे हातातल्या सेटवर, व्हॉक्सने (आवाज आला की आपोआप प्रसारण सुरू करणाऱ्या सोयीने) भागवायचा मोह होतो, पण तो टाळा. पॅकेट संपल्यावरही व्हॉक्स सेटला थोडा वेळ प्रसारणातच ठेवतो, आणि नेमकी तेव्हाच समोरून पोच येते. ती ऐकूच येत नाही, कॉम्प्युटर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो आणि हे चक्र थांबत नाही. हँडीच वापरायची असेल तर पीटीटी तारेने जोडा आणि बॅटरी सेव्हर, रॉजर बीप, सीटीसीएसएस ही तिन्ही बंद करा. सेव्हर चालू असेल तर सेट डुलक्या घेत ऐकतो आणि पॅकेटचं तोंडच कापलं जातं.

प्रसारण सुरू झाल्यावर पीटीटी सुटतच नाही किंवा यूएसबी कार्ड गायब होतं, असं झालं तर रेडिओची ऊर्जा तारांत शिरते आहे. यूएसबी केबलला फेराइटमधून चार-पाच वेढे द्या आणि अँटेना लॅपटॉपपासून लांब न्या. आवाजात ५० हर्ट्झचा गुणगुणाट असेल तर दोन्ही दिशांच्या ओळींत ६०० ला ६०० ओहमचे छोटे ट्रान्सफॉर्मर घाला.

पातळी लावणं

या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्या.

ऐकण्याची बाजू आधी. स्क्वेल्च पूर्ण उघडा, खरखर सतत आत येऊ द्या. त्यात पॅकेट आहे की नाही ते सॉफ्टवेअर स्वतः ओळखतं. स्क्वेल्च लावला तर तो उघडेपर्यंत पॅकेटची सुरुवात निघून जाते. मिक्सरमध्ये कार्डाचं ऑटो गेन बंद करा. डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटबरोबर आवाजाची पातळी छापतो; ती ५० च्या आसपास आणा. शेजारी कंसात दोन्ही सुरांचे आकडे वेगळे दिसतात. एफएम सेटातून येणाऱ्या आवाजात उंच सूर मुळातच दबलेला असतो, त्यामुळे २२०० चा आकडा १२०० च्या जवळपास निम्मा दिसला तर घाबरायचं कारण नाही. तो पाव झाला असेल तर मात्र वाटेत कुठेतरी वरचे सूर कापले जात आहेत: चुकीचा कपॅसिटर, सेटचा टोन, नाहीतर समोरच्याचाच दोष. चार वेगवेगळ्या स्टेशनांचे आकडे पाहा. एकाचेच वाकडे असतील तर त्याला कळवा. सगळ्यांचे वाकडे असतील तर आपली तार सोडवा.

पाठवण्याच्या बाजूला लक्ष्य आहे सुमारे ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे फ्रिक्वेन्सी मधल्या जागेवरून जितकी सरकते तेवढं अंतर. मीटर नसेल तर दुसरा सेट, डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, ऊर्जा पिणारा रेझिस्टर) आणि कान पुरे. डायरवुल्फचा कॅलिब्रेशनचा सूर सोडा, दुसऱ्या सेटवर ऐका आणि पट्टा शून्यापासून हळूहळू वर न्या. आवाज वाढत जातो, वाढत जातो आणि एका जागी वाढायचा थांबतो. तिथे सेटचा लिमिटर लागला. त्या जागेवरून मागे या, आवाज स्पष्टपणे कमी होईपर्यंत, आणि तिथे पट्ट्याच्या आकड्याची नोंद वहीत करा. ‘जरा जोरात असलेलं बरं’ हा विचार इथे घात करतो, कारण लिमिटरला टेकलेला सूर कानाला दणकट लागला तरी डिकोडरला फाटकाच दिसतो.

कॉम्प्युटरचा नेहमीचा आवाज रेडिओच्या कार्डावरून जाणार नाही, हे आठवणीने पाहा. नाहीतर ईमेल आल्याची टिंगटिंग थेट हवेत जाते.

सॉफ्टवेअर आणि वेळा

रास्पबेरी पायवर डायरवुल्फ पॅकेज-मॅनेजरमधूनच मिळतो. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत साउंडकार्डाचा नंबर, कॉलसाइन, मोडेम १२०० आणि पीटीटीची पद्धत एवढ्या चार ओळी नीट भरल्या की तो चालतो. कॉलसाइनला जोडून ० ते १५ पैकी एक उपक्रमांक देता येतो. घरचं स्टेशन १, सड्यावरचा (उंच पठारावरचा) नोड, म्हणजे पॅकेट पुढे पोचवणारं मधलं स्टेशन, ७ असं काही गटात ठरवून टाका. चिपच्या पायावरून घेतलेल्या पीटीटीला परवानगी नाकारल्याची तक्रार आली तर तुमचा यूजर ‘ऑडिओ’ गटात नाही. विंडोजवर यूझेड७एचओचा साउंडमोडेम हेच काम करतो. गप्पांचा किंवा मेलचा प्रोग्राम डायरवुल्फला नेटवर्क-पोर्टवरून जोडतात: केआयएसएस पद्धतीसाठी ८००१, एजीडब्ल्यू पद्धतीसाठी ८०००.

टीएक्स-डिले म्हणजे पीटीटी दाबल्यापासून खरा मजकूर सुरू होईपर्यंतचा वेळ. तो १० मिलिसेकंदांच्या पटीत लिहितात, म्हणजे ३० लिहिलं की ३०० मिलिसेकंद. तिथून सुरुवात करा. जुन्या सेटला ४००–५०० लागू शकतात. जोडणी पक्की झाल्यावर पाच-पाचने कमी करत जा आणि पोच चुकायला लागली की दोन पायऱ्या मागे या. पर्सिस्ट ६३ आणि स्लॉट १०० मिलिसेकंद तसेच राहू द्या. म्हणजे चॅनल मोकळा दिसला तरी स्टेशन दर स्लॉटला चारांत एकदाच बोलायला उठतं आणि सगळे एकदम तोंड उघडत नाहीत.

पॅकेटची लांबी २५६ बाइटपर्यंत ठेवता येते, पण तेवढ्याला हवेत जवळजवळ २ सेकंद जातात आणि त्या २ सेकंदांत एक खरखर आली की सगळं वाया. आपल्या डोंगराळ वाटांवर १२८ बरं, पावसाळ्यात ६४. पोचेशिवाय एका दमात पाठवायच्या फ्रेमही दोनच ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे एक हिशेब करावा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘रत्नागिरी’ची चिन्हं ९, म्हणजे २७ बाइट, तेच रोमन लिपीत ९. १२८ बाइटांच्या पॅकेटात देवनागरीची ४२ चिन्हं मावतात, एक बेताचं वाक्य. पॅकेट देवनागरी बिनतक्रार वाहून नेतं, फक्त दोन्ही टोकांच्या प्रोग्रामांत यूटीएफ-८ लावलेलं हवं. त्यामुळे मराठी सोडू नका, वाक्यं आखूड करा. ‘पूल बंद. पाणी ३ फूट. बोट हवी.’ हे देवनागरीतही १२८ च्या एका पॅकेटात जातं.

गावात दुसरं पॅकेट स्टेशन नसेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐका. तिथला डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुन्हा पाठवणारं यंत्र) चालू असला की १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट येतात. फेरी जास्तीत जास्त दहाएक मिनिटांची असते आणि किनाऱ्यावर पश्चिमेचं क्षितिज समुद्रापर्यंत मोकळं असल्याने स्थानक अगदी खाली असल्यापासून मिळतं. वेगामुळे फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास सरकते, एवढं एफएम सेट सांभाळून घेतो. ऐकण्याची पातळी लावायला याहून सोयीचा सोबती नाही.

डोंगर

कोकणातली वस्ती खाडीकाठी, खोलगटात. वर जांभ्याचा सडा. दोन मीटरच्या लहरी सरळ रेषेत चालतात, तेव्हा खालून खाली पॅकेट जात नाही. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणलं की रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. १० मीटरवरच्या अँटेनाला १३ किलोमीटर, १०० मीटर उंचीच्या सड्यावर ४१. दोन स्टेशनांची क्षितिजं एकमेकांत मिळवायची: दोन सडे असतील तर ८२. रत्नागिरी ते देवगड सरळ अंतर सत्तर किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे कागदावर एका उडीत जमतं, फक्त मध्ये याहून उंच धार नको. ५ वॅटचे ५० वॅट करून जे मिळत नाही ते सड्यावरची जागा मिळवून मिळतं, म्हणून पैसा आधी जागेवर आणि केबलवर घाला.

समजा हर्णैचं एक स्टेशन, दाभोळचं एक, आणि मधल्या डोंगरामुळे ती एकमेकांना ऐकत नाहीत. उंचावरचा डिजिपीटर दोघांनाही ऐकतो. हर्णैला चॅनल मोकळा वाटतो, दाभोळलाही, आणि दोघं एकाच वेळी बोलतात. वर दोन्ही पॅकेटांचा चिखल होतो. दोष कुणाच्याच यंत्रात नसतो, म्हणून तो सापडतही नाही. गर्दीच्या वेळी पर्सिस्ट निम्मं करणं, पॅकेट आखूड ठेवणं आणि कोणी कधी पाठवायचं याचं वेळापत्रक ठरवणं, हे यावरचे खरे उपाय.

डिजिपीटर पॅकेट फक्त पुढे ढकलतो. पोच शेवटच्या स्टेशनाकडूनच परत यावी लागते. प्रत्येक उडी शंभरात ८० वेळा साधते असं धरा. जायच्या दोन उड्या, पोचेच्या परतीच्या दोन: ०.८ चारदा गुणून ०.४१. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा पुन्हा पाठवावं लागणार. दोन डिजिपीटर झाले की वाट जवळजवळ बंद. म्हणून एकापेक्षा जास्त उड्या असतील तिथे सड्यावर डिजिपीटर न ठेवता नोड ठेवा. लिनबीपीक्यू हे सॉफ्टवेअर ते काम रास्पबेरी पायवर करतं: नोड पॅकेट आधी स्वतः पोच देऊन घेतो आणि मग पुढच्याला देतो, त्यामुळे एक उडी चुकली तर तेवढीच पुन्हा मारावी लागते.

सड्याच्या कडेवर भारी गेनची लांब कोलिनियर अँटेना लावायची चूक बरेच जण करतात. तिचा झोत आडवा आणि चपटा असतो. पायथ्याच्या गावावरून तो सरळ समुद्रात निघून जातो. अशा जागी साधी पाव-लहरीची ग्राउंड प्लेन चांगली. १४५ मेगाहर्ट्झला उभी काडी ४९ सेंटिमीटर आणि खाली ४५ अंशांत झुकलेल्या चार काड्या ५२ सेंटिमीटर. काड्या थोड्या लांबच कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत येते त्याचं माप) पाहत पाच-पाच मिलिमीटर छाटा. घराशी लावताना अँटेना कलमांच्या पानांआड नको. भिजलेली पानं सिग्नल पितात आणि मे महिन्यात उत्तम चालणारी वाट जुलैत मरते.

खारं वारं आणि वीज

आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झवर १०० मीटरला सुमारे २० डेसिबल खाते. २० मीटर टाकलीत की ४ डेसिबल, म्हणजे २५ वॅटचे अँटेनापाशी १० उरतात, आणि ऐकण्यातही तेवढंच नुकसान. आरजी-२१३ मध्ये ते निम्म्यावर येतं.

कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून, खालून वर गुंडाळा म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात; वरून पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप एका उन्हाळ्यात सुटते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. तांबं आणि ॲल्युमिनियम उघड्यावर एकत्र आवळू नका. खाऱ्या ओलाव्यात तो जोड पांढऱ्या भुकटीसारखा झडतो. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला.

पाणी शिरलेली केबल ओळखायला एसडब्ल्यूआर मीटर पुरत नाही. केबल जितकी जास्त ऊर्जा खाते तितकी परत येणारी कमी, म्हणून सडलेल्या केबलवर मीटर उलट छान आकडा दाखवतो! वरच्या टोकाला डमी लोड आणि वॉटमीटर लावून किती वॅट पोचतात ते मोजा, किंवा कनेक्टर कापून जाळी पाहा. ती तांबूस चमकायला हवी. काळी पडली असेल तर काळा भाग संपेपर्यंत केबल कापत जा.

मेचा वळीव आणि परतीचा पाऊस विजा घेऊन येतात. सड्यावर माती बोटभर आणि खाली जांभा, अर्थिंगची सळई जात नाही. चर खणून जीआय पट्टी दोन-तीन दिशांना आडवी पसरा, बेंटोनाइट माती भरा आणि ती घराच्या अर्थिंगशी जोडा. दोन वेगळी अर्थिंगं म्हणजे वीज पडली की सेटमधून एकीकडून दुसरीकडे जाणारी वाट. तरीही आभाळ गडगडायच्या आत केबल सोडवून घराबाहेर ठेवणं हाच खात्रीचा उपाय आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा लाईट आणि मोबाइल दोन्ही गेले आणि अनेक गावांत कित्येक दिवस आले नाहीत. नोड बॅटरीवर चालत नसेल तर अशा दिवसांत तो निरुपयोगी आहे. हिशेब असा: ऐकताना सेट ०.५ अँपिअर, रास्पबेरी पाय ०.४, आणि २५ वॅटवर शंभरातली पाच मिनिटं प्रसारण धरून सरासरी ०.३. एकूण १.२, दिवसाला साधारण २९ अँपिअर-तास. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे एका दिवसाला ६० अँपिअर-तासांची बॅटरी. प्रसारण ५ वॅटवर भागत असेल तर भागवा. जुलैत सोलर पॅनेलच्या भरवशावर राहू नका, बॅटरी तीन दिवसांची ठेवा. डब्याची भोकं बारीक जाळीने बंद करा, नाहीतर मुंग्या ऊबेला येतात आणि रिलेत मरतात.

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत पॅकेटचंही काम धरा. कौलं शाकारायला शिडी लागलेलीच असते, तेव्हाच वरचा कनेक्टर उघडून पाहा, टेप नवी करा, ताणतारांचे हुक तपासा. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या स्टेशनांनी एका संध्याकाळी मेन स्विच पाडून, फक्त बॅटरीवर, तासभर एकमेकांना वीस-वीस संदेश पाठवावेत आणि प्रत्येक वाटेवर किती पुनर्प्रयत्न लागले ते लिहून ठेवावं. गेल्या वर्षीच्या वहीशी ताडून पाहिलं की ज्या वाटेचा आकडा वाढला आहे तिच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर, पाऊस लागायच्या आत, पहिल्यांदा उघडायचे.